चुनखडीच्या रेताड जमिनीत आंबा: खान्देशात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर. या नद्यांच्या काठाला काळ्या मातीची जाड लादी जिथे संपते, तिथून रेताड, फिक्या रंगाची जमीन सुरू होते. नांगराच्या तासात पांढरे खडे वर येतात. जुनी माणसं हेच खडे भट्टीत भाजून घराच्या बांधकामाला चुना करायची. अशा जमिनीत केसर लावलेला, दोनदा चुकलेला आणि तिसऱ्यांदा थोडा शहाणा झालेला मी एक बागायतदार. गिरणाकाठचे शेजारीपाजारी, पाव्हणे आणि फोनवरून विचारणारे अनोळखी शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

जमिनीत चुना आहे की नाही, हे घरी कसं ओळखायचं?

फरशी आणि संडास धुवायचं आम्ल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मातीच्या ढेकळावर त्याचे चार थेंब टाका. काहीच झालं नाही तर चुना जवळपास नाही. कान जवळ नेल्यावर बारीक चुरचुर ऐकू आली तर थोडा आहे. डोळ्यांना बुडबुडे दिसले तर लक्ष द्यायला हवं, आणि सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा फेस आला तर चुना साधारण १० टक्क्यांच्या पुढे गेला असं समजा. हातात रबरी मोजे घाला आणि तोंड लांब ठेवा. लिंबू पिळूनही पाहतात, पण लिंबाचं आम्ल फार सौम्य असल्याने फसगत होते.

खडे दिसत नाहीत म्हणून चुना नाही, असं मानू नका. पिठासारखा बारीक चुना डोळ्यांना दिसत नाही, आणि झाडाला जास्त त्रास तोच देतो. मोठा खडा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. बारीक चुन्याचा मुळांशी आणि पाण्याशी संबंध सगळीकडून येतो.

माती परीक्षणाला वरची माती दिली तर चालेल?

कापसाला चालेल, आंब्याला नाही. आंब्याचं सोटमूळ खोल जातं. माझी पहिली चूक हीच. वरच्या वितभर मातीचा अहवाल चांगला आला, मी खूश. तिसऱ्या वर्षी झाडांची वाढ थांबली. खणून पाहिलं तर अडीच फुटांवर चुन्याचा घट्ट थर. मुळं त्याच्यावर चटईसारखी आडवी पसरली होती.

शेतात दोन-तीन ठिकाणी पाच फूट खोल खड्डा घ्या आणि भिंतीकडे नीट बघा. पहिल्या फुटाची, दुसऱ्या फुटाची आणि तिसऱ्या फुटाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून द्या. अर्ज भरताना ‘मुक्त चुना’ तपासायला सांगा. साध्या तपासणीत तो बऱ्याचदा धरलेला नसतो.

अहवालातले कोणते आकडे बघायचे?

सामू (पीएच), क्षारता, मुक्त चुना, सेंद्रिय कर्ब, लोह आणि जस्त. सामू ७.५ पर्यंत असेल तर आंबा निवांत असतो. चुनखडीच्या जमिनीचा सामू साधारण ७.८ ते ८.४ च्या दरम्यान अडकलेला दिसतो. तो ८.५ च्या वर गेला तर एकट्या चुन्याचं हे काम नाही, त्यात सोडियमही आहे आणि जमीन चोपण होऊ लागली आहे. हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण उपाय वेगळा आहे.

मुक्त चुना ५ टक्क्यांच्या आत असेल तर बिनधास्त लावा. ५ ते १० मध्ये काळजी घेऊन लावा. त्यापुढचं शेवटच्या प्रश्नांत सांगतो. लोह ४.५ पीपीएमच्या आणि जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. पण चुनखडीच्या जमिनीत लोहाचा आकडा बरा असूनही पानं पिवळी पडतात. मातीत आहे ते झाडाला मिळेलच, असं तिथे नसतं.

चुना म्हणजे कॅल्शियम. ते झाडाला हवंच ना? मग बिघडतं काय?

कॅल्शियमने बिघडत नाही. उलट फळाच्या टणकपणाला त्याची मदतच होते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला चुनखडक फोडून त्यात आंब्याच्या बागा उभ्या केल्या आहेत. आंब्याचं टोक आतून मऊ पडण्याचा दोष तिथल्या चुनखडी जमिनीत रेताड, आम्ल जमिनीपेक्षा कमी आढळला.

बिघाड होतो तो सामूमुळे. सामू एका अंकाने वाढला की मातीतल्या लोहाची विरघळण्याची क्षमता हजार पटीने घटते. हजार पटीने! घरात धान्याची कोठी भरलेली, पण कुलूप लावलेलं, अशी गत होते. जस्त, मँगनीज आणि स्फुरदही (फॉस्फरस) असेच कोंडले जातात. वर आपली जमीन रेताड, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) पाण्याबरोबर खाली निघून जातात. काही खतं अडकतात आणि काही वाहून जातात. दोन्हीकडून मार.

जिप्सम टाकलं की चुनखडी कमी होते, असं दुकानदार सांगतो. खरं का?

नाही. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. जिथे आधीच कॅल्शियमचा ढीग आहे, तिथे आणखी कॅल्शियम टाकून काय साधणार? जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, सोडियम हटवायला ते उपयोगी पडतं. माझ्या शेतात मीही पोत्यांनी टाकलं होतं. झाडांना त्याचा पत्ताही लागला नाही, खिशाला मात्र लागला.

मग गंधक टाकून चुना संपवता येईल का?

आधी हिशेब करू. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो भरतं. त्यात १० टक्के चुना धरला तर ९० टन झाला. १ किलो गंधक सुमारे ३.१ किलो चुना मारतं. म्हणजे फक्त वरची वीतभर माती बिनचुन्याची करायला २९ टन गंधक लागेल. आंब्याची मुळं तर त्याच्या कितीतरी खाली जातात. एका घनमीटरच्या एकाच खड्ड्याचा हिशेब केला तरी गंधक पन्नास किलोच्या घरात जातं.

चुना मारायच्या भानगडीत पडूच नका. आपल्याला चुन्यासोबत झाड जगवायचं आहे. एवढं पटलं की पुढचं सगळं सोपं होतं.

तरीही मी गंधक वापरतो, पण वेगळ्या पद्धतीने. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि त्यासाठी त्यांना ओल आणि ऊब लागते. पावसाळ्याच्या तोंडाला झाडाच्या घेराखाली चार ठिकाणी फूटभर खोल खळगी करायची आणि प्रत्येकीत कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी गंधक घालून झाकायचं. सगळी जमीन आम्ल होत नाही, पण त्या चार खळग्यांत मुळांना दाणा-पाणी मिळतं. पुढच्या वर्षी जागा बदलायची. दाणेदार गंधक हाताळायला सोपं पडतं. पाण्यात मिसळणारी भुकटी भुरी रोगाच्या फवारणीला ठेवा.

कलम कोणत्या रोपवाटिकेतून आणू?

बहुतेक लोक इथे जात विचारतात. खरा प्रश्न खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याचा असतो. जमिनीत राहतो खुंट. केसरचं डोळ्याला दिसणारं झाड वर असतं, चुन्याशी झुंजतं ते खालचं मूळ.

इस्रायलमध्ये चुनखडीच्या आणि खारट जमिनीसाठी ‘१३-१’ नावाचा खुंट निवडला गेला. त्याच्या एका कोयीतून आईसारखीच अनेक रोपं उगवतात, म्हणून सगळी बाग एकसारखी होते. आपल्या केरळातले कुरुक्कन, ओलूर हेही अशाच बहुभ्रूणी जातीचे आंबे. कुरुक्कन खारं पाणी बरं सोसतो. पण आपल्या भागातल्या रोपवाटिकांत हे खुंट मी तरी पाहिले नाहीत. तिथे कोय येते ती रसाच्या कारखान्यातून किंवा बाजारातून, मिळेल त्या आंब्याची. त्यातलं एक रोप चुना सोसतं, शेजारचं पिवळं पडतं. एकाच ओळीत एक झाड हिरवंगार आणि दुसरं मलूल का, हे कोडं अनेकांना पडतं. बऱ्याचदा उत्तर खुंटात असतं.

म्हणून माझा आग्रह जागेवर कलम करण्याचा. गावाच्या शिवारात चुनखडीच्याच जमिनीवर उभं असलेलं, पन्नास-साठ वर्षांचं, पाणी न देताही हिरवं राहणारं गावरान झाड शोधा. प्रत्येक गावात असं एखादं असतंच, बहुतेक करून बांधावर किंवा मारुतीच्या मंदिरामागे. त्याच्या पिकलेल्या फळांच्या कोया घ्या. आंब्याची कोय वाळवून ठेवायची वस्तू नाही, काही आठवड्यांत उगवणशक्ती जाते. जून-जुलैत प्रत्येक जागी तीन-तीन कोया लावा. वर्षभर बघत राहा. तिघांत जे रोप सगळ्यात हिरवं आणि जोमदार, ते ठेवा आणि बाकीची काढून टाका. मग पेन्सिलएवढी जाडी आल्यावर त्यावर केसरचं मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या फुटीवरचं कलम) करा.

गावरान कोयीतून आलेली रोपं एकमेकांसारखी नसतात. हा त्यांचा दोष आहे असं आपण मानतो, इथे तोच कामी येतो. निवड आपण करत नाही, जमीन करते. शिवाय सोटमूळ कधी पिशवीत वळलेलं नसतं, सरळ खाली जातं. एक-दोन वर्षं उशिरा फळ येतं, हे खरं. पिशवीतलं कलम लावून तिसऱ्या वर्षी उपटावं लागण्यापेक्षा तो उशीर परवडतो.

हापूस लावला तर?

नको. चुना बाजूला ठेवला तरी मे महिन्यात ४५ अंशांवर जाणारी आपली कोरडी हवा त्याला मानवत नाही. केसर लावा. तो सौराष्ट्रातला, जुनागडकडचा, त्याला कोरडं ऊन नवं नाही. लोणच्याला आणि बाजाराला मिळून थोडी तोतापुरी ठेवा. घनदाट लागवड करायची असेल तर आम्रपाली ठेंगणी राहते. धडगाव-अक्कलकुव्याकडे आदिवासी बांधव ज्या गावरान आंब्याचा आमचूर करतात, त्या झाडांनाही कमी लेखू नका. खुंटासाठी तिथल्या कोया मी मुद्दाम मागवतो.

खड्डा कसा घ्यायचा, काय भरायचं?

एक मीटर लांब, रुंद आणि खोल. उन्हाळ्यात घेऊन तापू द्या. खाली चुन्याचा कडक थर लागला तर पहारीने किंवा जेसीबीने तो फोडून आरपार भोक पाडाच. नाहीतर खड्ड्याची बादली होते. पावसाळ्यात पाणी साचतं आणि ओलसर चुनखडीत पिवळेपणा आणखी चढतो.

भरताना वरची माती, तीन-चार पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि थोडं गंधक. तांबडी मुरमाड माती जवळपास मिळत असेल तर निम्मी ती घ्या, पण आधी तिच्यावर आम्लाचे थेंब टाकून पाहा. तलावाचा गाळ सोन्यासारखा म्हणतात. पण चुनखडीच्या शिवारातलं पाणी वाहून आलेल्या तलावाचा गाळही चुन्याचाच असतो. चुलीची राख टाकू नका, ती अल्कधर्मी असते.

पानं पिवळी पडली म्हणजे लोहच कमी आहे ना?

बहुतेक वेळा हो, नेहमीच नाही. नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरांचं जाळं हिरवं असेल तर लोह कमी. ही कमतरता वाढली तर पान पांढरट पडतं आणि कडा करपतात. जुनी पानं सरसकट फिकी पडली तर नत्र कमी. पानं बारीक, अरुंद, शेंड्याला झुपक्यासारखी दाटलेली असतील तर जस्त. मँगनीजची कमतरता लोहासारखीच दिसते, फक्त शिरांच्या दोन्ही बाजूंनी हिरवा पट्टा रुंद राहतो. जुन्या पानांचं टोक भाजल्यासारखं झालं तर पाण्यातला क्लोराइड किंवा पालाशची कमतरता तपासा.

आणि हो, आंब्याची नवी पालवी मुळात तांबूस, मग पोपटी असते. तिला रोग समजून फवारे मारणारे मी पाहिले आहेत. पालवीला पंधरा-वीस दिवस द्या.

शंका राहिली तर एक फांदी निवडा, दोरी बांधून खूण करा, आणि तिच्या पानांना लोहाचं द्रावण लावा. आठ-दहा दिवसांत तीच फांदी हिरवी होऊ लागली तर निदान पक्कं.

फवारणी कोणती, आणि चिलेटचं महागडं पाकीट घ्यावं का?

फवारणीला १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल. सायट्रिक आम्ल आधी विरघळवा, नाहीतर कठीण पाण्यात लोह तांबडं होऊन बसतं आणि तुम्ही गंज फवारता. पानं अर्धी उमलल्यावर, संध्याकाळी फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. जस्तासाठी १० लिटरला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेला चुना. दोन्ही एकत्र करू नका. मोहर फुलल्यावर आणि फळांवर लोहाची फवारणी टाळा, डाग पडतात.

फेरस सल्फेट उघडं जमिनीत टाकणं म्हणजे पैसे मातीत. काही दिवसांत तेही कोंडलं जातं. टाकायचंच तर शेणखतात मुरवून खळगीत टाका.

चिलेट म्हणजे लोह कोंडलं जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवणारं संयुग. त्याच्या पाकिटावर तीन नावांपैकी एक असतं. ईडीटीए सामू ६.५ च्या आसपासच टिकतं, डीटीपीए ७.५ पर्यंत, आणि ईडीडीएचए ९ च्या आसपासही. म्हणजे जमिनीतून द्यायला आपल्याला फक्त तिसरं उपयोगाचं. ते महाग आहे, पण स्वस्त ईडीटीए चुनखडीत ओतण्यापेक्षा स्वस्तच पडतं. लहान झाडाला एका वेळी १५ ते २० ग्रॅम पाण्यात विरघळवून मुळांशी ओता आणि वर माती ओढा, कारण उन्हात ते नासतं. पाणी गडद लाल झालं पाहिजे.

रासायनिक खतं नेहमीसारखीच द्यायची का?

मात्रा तुमच्या कृषी विज्ञान केंद्राकडून झाडाच्या वयाप्रमाणे घ्या. पद्धत मात्र बदला. युरिया असो की अमोनियम सल्फेट, चुनखडीवर उघडं फेकलं की नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं, वास नाकाला येतो. गाडून लगेच पाणी द्या. रेताड जमिनीत एकदम मोठा हप्ता नको, चार-पाच छोटे करा. पालाश सल्फेटच्या रूपात द्या, म्युरेट ऑफ पोटॅशमधला क्लोराइड आंब्याला सोसत नाही.

बोअरचं पाणी चालेल?

ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पापडी धरते का? मग तुमच्या पाण्यातून शेतात चुना येतोय. अहवालात पाण्याची अल्कता लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल आणि झाडाला दिवसाला ४० लिटर असं २०० दिवस पाणी दिलं, तर एका झाडाशी वर्षाला जवळपास अडीच किलो चुना आपणच ओततो. गिरणेच्या पाटाचं पाणी किंवा शेततळ्यातलं पावसाचं पाणी मिळत असेल तर पालवी फुटायच्या दिवसांत ते द्या, बोअरचं इतर वेळी. पाइप आम्लाने धुताना पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

रेताड जमिनीत ड्रिपरखालची ओल गाजरासारखी अरुंद आणि खोल जाते. म्हणून एका झाडाला दोन ड्रिपर पुरत नाहीत, चार लावा आणि झाड वाढेल तशी नळी बाहेर सरकवा. थोडं आणि वारंवार द्या.

एक फायदाही आहे. पावसाळा संपल्यावर पाणी तोडलं की ही जमीन लवकर वाळते, झाडाला ताण चांगला बसतो आणि मोहर एकदम फुटतो. काळ्या जमिनीवाल्याला हे सुख नाही. मोहराच्या आधी पाणी देण्याचा मोह आवरा, फळं वाटाण्याएवढी झाल्यावर सुरू करा.

आच्छादन कशाचं करू?

खान्देशात हा प्रश्न पडूच नये. रावेर-यावलकडे केळीची वाळलेली पानं बांधावर पडून असतात, बाकी सगळीकडे पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. शेतकरी त्या जाळतात, आणि मला दर फेब्रुवारीत वाईट वाटतं. केळीच्या खोडाचे तुकडे पालाशही देतात. कुजताना आच्छादनातून निघणारी सौम्य आम्लं त्या जागचं लोह मोकळं करतात. पऱ्हाट्या बारीक करून घाला आणि खोडापासून वीतभर लांब ठेवा, कोरड्या रेताड जमिनीत उधई लागते. पहिली दोन वर्षं पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा करा.

आंतरपीक?

मूग, उडीद, चवळी. पावसाळ्यात ताग किंवा धैंचा घेऊन फुलोऱ्यात गाडा. मधे केळी लावू नका, तिच्या पाण्याने आंबा बिघडतो.

मोहर यावा म्हणून कल्टार हे संजीवक द्यायचं का?

झाड हिरवंगार, सात-आठ वर्षांचं आणि तरी मोहरत नसेल तर कृषी तज्ज्ञाला विचारून. पिवळ्या झाडाला कधीच नाही. कल्टार वाढ रोखतं, आणि पिवळ्या झाडाची वाढ आधीच रोखलेली असते.

दहा वर्षांची बाग पिवळी आहे. तोडू का?

आधी दोन वर्षं खळगी, शेणखत, आच्छादन, पालवीवर फवारणी आणि ईडीडीएचए करून पाहा. पाणी बदलता आलं तर बदला. तरी जी झाडं सुधारत नाहीत, त्यांच्या शेजारी गावरान कोयीची दोन रोपं लावा आणि मोठी झाल्यावर त्यांचे शेंडे जुन्या खोडाला भेट कलमाने जोडा. झाडाला नवे पाय मिळतात. काम किचकट आहे, सगळी यशस्वी होत नाहीत. माझी आठपैकी पाच लागली.

किती चुना असेल तर आंब्याचा नाद सोडावा?

तिन्ही थरांत १५ टक्क्यांच्या पुढे आणि बोअरचं पाणीही कठीण, तर सोडा. बोर आणि आवळा लावा. त्यांना चुन्याचं फारसं काही वाटत नाही. वरच्या फुटात चुना कमी आणि खाली जास्त असेल तर सीताफळ. कागदी लिंबू आणि मोसंबी मात्र आंब्याहूनही नाजूक, तिकडे वळू नका. आणि तरी हौस असेल तर घराजवळ दोन झाडं लावा, त्यांची खळगी भरणं एका माणसाच्या हातात असतं.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) स्वतःच्या झाडाचा आंबा मिळेल?

अवघड आहे. आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते, आणि आपल्याकडचा केसर झाडावर पिकायला मेचा उत्तरार्ध उजाडतो. खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांसोबतचा त्या दिवसाचा रस आमच्या घरी अजून बाजारातल्याच आंब्याचा असतो. आई दरवर्षी विचारते. मी कैरीचं पन्हं पुढे करतो.